पदराआडचा पासवर्ड

सोनाअक्काच्या घरी कॉम्प्युटर सुरू व्हायचा असला की खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. मुलीसाठी स्थळ बघायला आलेले आईबाप असोत, आमच्या समाजाचे अध्यक्ष असोत, की लहानपणापासून तिच्या घरी पडीक असलेला मी असो. "तोंड तिकडं करा स्वल्प," असं अक्का म्हणायची आणि आम्ही मुकाट्याने कॅलेंडरातल्या बालाजीकडे बघत राहायचो. मग ती डाव्या हाताने पदर कीबोर्डवर ओढून घ्यायची आणि त्याच्या आड उजव्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड मारायची. पासवर्ड लांबलचक असावा, कारण टकटक बराच वेळ चालायची. शेवटी "सरी, वळा" अशी परवानगी मिळे. एकदा एका मुलाचे काका या प्रकारात हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. स्थळं दाखवण्याआधी इथे प्रार्थना करायची पद्धत आहे, असा त्यांचा समज झाला होता.

आमची घरं चिकपेटच्या मागच्या गल्लीत. खाली साड्यांची ठोक दुकानं, वर आम्ही. आमचे पूर्वज कधीकाळी कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. पुण्याहून नोकरीसाठी आलेली मंडळी आमचं मराठी ऐकून आधी हसतात, मग "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारतात. आम्ही म्हणतो, इथलेच. अशा आम्हा जुन्या घरांची बेंगळुरात मुलंमुली थोडी, सोयरिकी गुंतागुंतीच्या, आणि जो तो दुसऱ्याला कुठल्या तरी नात्याने ओळखणारा. त्यामुळे समाजात लग्नं जमवणारं माणूस फार सांभाळून निवडावं लागतं. आमच्या वडीलधाऱ्यांनी सोनाअक्काला निवडलं, हे त्यांनी केलेल्या मोजक्या शहाण्या कामांपैकी एक.

अक्काने स्वतः लग्न केलं नव्हतं. त्यावरून तिला टोमणे मारणारे कमी नव्हते. ती शांतपणे म्हणायची, "टेलिफोन जोडून देणाऱ्यानं मधी बोलायचं नसतंय." तिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडण्यापासून सुरुवात केली आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. त्या काळात अर्ध्या शहराची भांडणं, बारशी आणि मयती तिच्या कानावरून गेल्या असतील. त्यातली एकही आम्ही तिच्या तोंडून ऐकली नाही. मी लहान असताना खोदून खोदून विचारायचो, "अक्का, एखादी तरी गंमत सांग की." ती म्हणायची, "लाइन खराब होती रे, नीट ऐकू आलं नाही."

ठेंगणी, गोरी, खळ घातलेलं कडक सुती पातळ, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, आणि तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. बोलणं मात्र निवृत्तीनंतरही ऑपरेटरचंच राहिलं. दारावर टकटक केली तर आतून "हं, बोला" असं यायचं. घरात शिरल्यावर पहिला प्रश्न "ऊट आयता?" जेवलो नसलो तर वाढायची, जेवलो असलो तरी वाढायची.

मी हेब्बाळला एका विमा कंपनीत क्लेम बघायचं काम करतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध त्यात आकडे भरण्यापुरता. पण आमच्या गल्लीत खांद्याला लॅपटॉपची बॅग दिसली की माणूस कॉम्प्युटर इंजिनिअर होतो. समाजाने वधू-वर कामासाठी अक्काला कॉम्प्युटर घेऊन दिला तेव्हा तो शिकवायची जबाबदारी अर्थात माझ्यावर आली. ऑफिसात आम्हाला सुरक्षेबद्दल जे काही दरवर्षी ऐकवत, आणि आम्ही चहा पीत जे सोडून देत होतो, ते मी तिला रविवारी सकाळी सांगायचो. पासवर्ड कुणाला सांगू नये. एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नये. आलेलं जे-ते उघडू नये. अपडेट आलं की टाळू नये. प्रत काढून दुसरीकडे ठेवावी. मी सांगून मोकळा व्हायचो आणि अक्का ते व्रत घेतल्यासारखं पाळायची. प्रत काढलेला पेन ड्राइव्ह ती चांदीच्या करंड्यात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची. एवढ्यावर थांबली असती तर ती सोनाअक्का कसली? ठरावीक दिवसांनी तो करंडा परत आणून, पेन ड्राइव्ह लावून, सगळं उघडतंय की नाही हे बघायची. "लोणचं घातलं म्हणून झालं काय? बरणी उघडून बघायला नको?" हे तिचं म्हणणं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची प्रत मी आजवर एकदाही उघडून पाहिलेली नाही.

तिच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक घराच्या दोन फायली असत. एक "वरची", एक "आतली". वरच्या फायलीत बायोडेटा आणि फोटो. ते ती योग्य वाटेल त्या घराला दाखवायची, तेही समोर बसवून. आतल्या फायलीत लोकांनी दार लावून सांगितलेल्या गोष्टी. कुणाचा साखरपुडा मोडला होता, कुणाच्या घरी दारू होती, कुणाला मूल होणार नव्हतं. हे सगळं का लिहून ठेवतेस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "ज्याला सांगायला पाहिजे त्याला सांगायचं मी विसरले तर? आणि ज्याला सांगायचं नाही त्याला चुकून बोलले तर?" तिचा नियम सरळ होता. ज्या घरात मुलगी जायची त्या घरापासून काही लपवायचं नाही. बाकी गल्लीला काही कळू द्यायचं नाही. आणि दोन्ही वेळा, ज्याची गोष्ट त्याला आधी विचारायचं.

टेलिफोनच्या नोकरीने तिला एक सवय लावली होती. समोरचा कोण आहे हे त्याच्या सांगण्यावरून मानायचं नाही. एकदा मी बसलेलो असताना तिला फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत, बँकेतून बोलतोय म्हणाला, कार्ड बंद पडणार आहे म्हणाला, मोबाइलवर आलेला नंबर सांगा म्हणाला. अक्काचा चेहरा खुलला. कित्येक वर्षांनी तिला तिचं काम परत मिळालं होतं. आवाज एकदम गोड करून ती इंग्रजीत म्हणाली, "कृपया लाइनवर राहा, जोडून देते." फोन टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांना फोडणी दिली. मधूनच येऊन "आपली लाइन रांगेत आहे" असं सांगून गेली. पोहे खाऊन झाले तेव्हा तो माणूस मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने ओरडत होता. अक्काने फोन उचलून कानडीत विचारलं, "झालं का तुमचं बोलून?" आणि ठेवून दिला. नंतर स्वतःकडे असलेल्या नंबरावर बँकेला फोन करून खरोखर काही भानगड आहे का, हेही विचारलं. ही शिस्त ती कधी सोडत नसे.

कॉम्प्युटर बिघडला तेव्हाचा प्रसंग मात्र ऐकण्यापेक्षा बघण्यासारखा होता. मी तो रिक्षात घालून एस. पी. रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. अक्का बरोबर होतीच. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, झालं की फोन करतो. अक्का म्हणाली, "बेडा, नको ते. तुम्ही करा, मी बसतंय." त्याने समजावलं की वेळ लागेल, दिवस जातील. अक्काने पिशवीतून घडीचं स्टूल काढलं. ती तयारीनेच आली होती. तीन दिवस ती दहीभाताचा डबा घेऊन त्या चिंचोळ्या दुकानात बसली. हार्ड डिस्क टेबलावर असली की नजर तिच्यावर, आणि दुकानदार जेवायला उठला की डिस्क हिच्या मांडीवर. पहिल्या दिवशी दुकानदार वैतागला. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यातलं लोणचं खाऊ लागला. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या धाकट्या भावासाठी मुलगी बघाल का, असं विचारलं. तो तमिळ होता आणि आमच्या समाजाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरीही अक्काने त्याला बायोडेटा आणायला सांगितलं.

बायोडेट्यावरून आठवलं. आमच्याकडच्या बायोडेट्यात काय नसतं? जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, कूळ, देवक, कुलदैवत आणि ठळक अक्षरांत मामाचं आडनाव. मामाचं आडनाव नसलेला बायोडेटा कुणी हातात धरत नाही, कारण कुठल्या घराशी सोयरीक होते आणि कुठल्या घराशी होत नाही, हे त्यावर ठरतं. आणि बँका नि ईमेलवाले गुप्त प्रश्न म्हणून काय विचारतात? आईचं माहेरचं आडनाव. जन्मगाव. म्हणजे बाकीचं जग ज्या गोष्टी किल्ली म्हणून वापरतं, त्या आम्ही वर "श्री गणेशाय नमः" लिहून, फोटोसकट गावभर वाटतो. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अक्काच्या डोक्यात आलं, पण एका घराचं नुकसान झाल्यावर.

समोरच्या घरातल्या तात्यांचा रमेश इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता. तात्या कोर्टातून निवृत्त झालेले, स्वभावाने उतावळे. अक्काकडे दिलेला मुलाचा बायोडेटा लवकर फळेना म्हणून त्यांनी तो मोबाइलवर दिसेल त्या ग्रुपवर टाकला. थोड्याच दिवसांत रमेशच्या ईमेलमध्ये कुणीतरी शिरलं, पासवर्ड बदलून रमेशलाच बाहेर ठेवलं, आणि त्याच्या नावाने त्याच्या साहेबांना, मित्रांना आणि जवळजवळ ठरलेल्या मुलीच्या भावाला वाटेल ते लिहून पाठवलं. रमेशने किती शपथा घेतल्या, पण लग्न मोडलं ते मोडलंच. अक्काने त्या संध्याकाळी रमेशचा बायोडेटा समोर घेतला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. "काय ठेवलंय रे ह्यात न सांगितलेलं?" ती म्हणाली. "आणि पासवर्ड काय होता त्याचा?" रमेश मान खाली घालून बोलला. कुलदैवताचं नाव आणि पुढे जन्मसाल. अक्काने डोक्याला हात लावला.

त्या वर्षीच्या समाजाच्या हळदीकुंकवात वाण वाटून झाल्यावर अक्का माइकसमोर उभी राहिली. मी खुर्च्या लावायला गेलो होतो म्हणून हे मला बघायला मिळालं. "ज्यांचा पासवर्ड देवाचं नाव आहे त्यांनी हात वर करा," ती म्हणाली. आधी कुणी हलेना. मग एक हात वर गेला, मग दुसरा, आणि बघता बघता बांगड्यांचा नुसता किणकिणाट झाला. अक्का पुढच्या रांगेकडे बोट करून म्हणाली, "तुझा तुळजाभवानी. तुझा जोतिबा. तुझा खंडोबा, आणि पुढं पोराचं जन्मसाल. हो की नाही?" बायकांनी तोंडाला पदर लावले. "देव घर राखतोय बायांनो, ईमेल राखत नाही. आज घरी जाऊन बदलायचं." मागून एक जण म्हणाली, "अक्का, सासूबाईंचं नाव ठेवू?" अक्का म्हणाली, "नको. रागाच्या भरात मोठ्यानं म्हणशील."

गुप्त प्रश्नावर तिने आणखी सोपा तोडगा काढला. बँकेने आईचं माहेरचं आडनाव विचारलं तर खोटं सांगा, म्हणाली. यावर तात्या खवळले. मुलाचं लग्न मोडलेलं असूनही खवळले. "जन्मभर कोर्टात काम केलं मी. स्वतःच्या आईचं कूळ खोटं सांगू?" अक्का म्हणाली, "तात्या, बँकेला सांगायचंय. श्राद्धात नाही." तरी तात्या ऐकेनात. शेवटी अक्काने त्यांना आडनावाच्या जागी त्यांच्या आईच्या हातच्या आवडत्या पदार्थाचं नाव भरायला लावलं. ते खोटं नव्हे, असा निवाडा तात्यांनी दिला आणि भरताना त्यांचे डोळे ओले झाले.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी धाकटी बहीण जया हिला लहानपणापासून फिट्स यायच्या. हे मी जयाला विचारून लिहितो आहे, नाहीतर अक्काने असेल तिथून माझा कान पिळला असता. औषधांनी फिट्स ताब्यात होत्या, जया शिकली, नोकरीला लागली, पण लग्नाची वेळ आली तशी आमच्या आईची झोप उडाली. गल्लीत कळलं असतं तर लोकांनी मुलगी बघायच्या आधीच मान हलवली असती. आई अक्काकडे गेली, दार लावलं आणि रडून मोकळी झाली. अक्काने मग जयाला एकटीला बोलावून विचारलं, "कुणाला सांगू, ते तू सांग." जया म्हणाली, ज्याच्याशी लग्न होईल त्याला आणि त्याच्या आईला. बस. अक्काने दोन घरी सांगितलं, दोघांनी नम्रपणे नकार दिला, आणि त्या नकारांचं कारण कुठेही फुटलं नाही. तिसऱ्या घरच्या मुलाने ऐकून घेतलं आणि डॉक्टर कोण आहेत एवढंच विचारलं. तो आज माझा मेहुणा आहे. जयाच्या लग्नात गल्लीतल्या बायका आईला म्हणत होत्या, "नशीब काढलं पोरीनं." आई अक्काकडे बघत होती आणि अक्का पंगतीत वाढत होती, जसं काही तिचा या लग्नाशी संबंधच नव्हता.

असली कितीतरी घरं त्या कॉम्प्युटरच्या "आत" होती. म्हणून समाजाचे नवे अध्यक्ष तो कॉम्प्युटर मागायला अक्काकडे आले तेव्हा मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो.

अध्यक्ष तरुण, उत्साही, बांधकामाच्या धंद्यातला माणूस. वाईट मुळीच नव्हता. त्यांना समाजाचं ॲप काढायचं होतं. पुण्यामुंबईची, परदेशातली मंडळीही घरबसल्या स्थळं बघू शकतील, असं त्यांचं स्वप्न होतं. तोवर अक्काचे हात कापायला लागले होते. कंपवाताचा आजार, डॉक्टर म्हणाले होते. हेब्बाळला राहणारा तिचा भाचा तिला आपल्या घरी न्यायला निघाला होता. अध्यक्ष म्हणाले, "अक्का, तुम्ही खूप केलंत. आता कॉम्प्युटर समाजाच्या ऑफिसात जाऊ दे. सगळा डेटा आम्ही चढवतो."

"सगळा?" अक्काने विचारलं.

"सगळा म्हणजे सगळा. माहिती जितकी जास्त तितकं ॲप चांगलं. तब्येत, आधीचं काही, सगळं लोकांना बघता आलं पाहिजे. पारदर्शक."

"पोरींना विचारलंस?"

"अक्का, कॉम्प्युटर समाजाच्या पैशातून घेतलाय."

"पेटी समाजाची आहे रे," अक्का म्हणाली. "आतलं ज्याचं त्याचं आहे."

अध्यक्षांच्या स्वतःच्या घरचंही काही आत असणारच. कुणाच्या घरचं नव्हतं? अक्काने एका शब्दाने तो विषय काढला नाही. मी तिच्या जागी असतो तर नक्की काढला असता, आणि अध्यक्ष त्याच पावली परत गेले असते. अक्का मात्र एवढंच म्हणाली, की पेटी पुढच्या महिन्यात मिळेल, तोवर मला माझं आवरू दे.

तिचं आवरणं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने एकेका घराला फोन लावायला सुरुवात केली. पालकांना नव्हे, ज्याचा बायोडेटा त्याला. "सोनाअक्का बोलतंय. तुझं माझ्याकडे आहे. वरचं ॲपला देऊ की पुसू? आतलं मी पुसणारच आहे." कुणी लग्न होऊन म्हैसूरला, कुणी परदेशात. ती चिकाटीने नंबर शोधायची. पुष्कळांनी वरचं खुशाल द्या म्हणून सांगितलं. काही जणांना आपलं काही तिथे आहे हेच आठवत नव्हतं, आणि आठवल्यावर त्यांचा आवाज बदलायचा. एक बाई फोनवर बराच वेळ नुसती रडली. जे सापडले नाहीत त्यांचं काय, असं मी विचारलं. "विचारता आलं नाही म्हणजे नाही म्हणालं, असं धरायचं," ती म्हणाली.

हात कापत असल्यामुळे तिचा पासवर्ड चुकायला लागला होता. तीनदा चुकला की कॉम्प्युटर काही वेळ उघडायचाच नाही, आणि महिना संपत आला होता. मी म्हटलं, "अक्का, मला सांग, मी टाकतो." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कीबोर्डाकडे नेलेला हात मागे घेतला. मग ती म्हणाली, "मनगट धर. तोंड तिकडं." मी तिचं मनगट धरलं. हाडं हाताला लागत होती. मी बालाजीकडे बघत राहिलो, तिचं बोट एकेक कळ शोधत राहिलं. मी मनातसुद्धा काही मोजलं नाही, आणि एवढा विश्वास माझ्यावर त्याआधी किंवा त्यानंतर कुणी टाकलेला नाही. शेवटची कळ दाबून तिने मोठा श्वास सोडला. "सरी, वळ," म्हणाली.

ज्यांनी होकार दिला होता त्यांची वरची माहिती तिने एका पेन ड्राइव्हवर अध्यक्षांसाठी काढली. बाकी पुसलं. लॉकरमधल्या प्रतीचीही तीच गत केली. पण पुसलेलं परत काढता येतं, हे एस. पी. रोडवरच्या त्या दुकानदाराने तिला कधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून जुनी डिस्क काढून नवी बसवून घेतली आणि जुनी डिस्क लॉकरमधल्या पेन ड्राइव्हसकट पिशवीत घालून आम्ही चिकपेटातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. ड्रिल मशीन दाखवायला बाहेर मांडलेलं होतं. अक्काने डिस्क काउंटरवर ठेवली आणि हिच्यात भोक पाडायचं म्हणून सांगितलं. दुकानदाराने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पातं आत शिरलं तसा करकर आवाज झाला, चकचकीत चुरा उडाला. "इन्नोंदु," अक्का म्हणाली. त्याने आणखी एक भोक पाडलं. "इन्नोंदु." पेन ड्राइव्हचा चुरा आणि डिस्कची पार चाळण झाली तेव्हा तिने डिस्क हातात घेऊन उजेडाकडे धरली, आरपार बघितलं आणि रस्त्याकडेला मटकन बसली. मला वाटलं चक्कर आली. ती रडत होती. इतक्या वर्षांचं काम होतं ते, आणि तिने ते स्वतःच्या डोळ्यांसमोर मोडून घेतलं होतं. मी शेजारी बसलो. बाजूने साड्यांचे गठ्ठे घेतलेले हमाल "साइड, साइड" म्हणत जात होते.

अध्यक्षांना पेटी वेळेवर मिळाली, पुसून, धुतलेलं कापड घालून. सोबतच्या पेन ड्राइव्हवर मोजकीच माहिती बघून ते नाराज झाले, चार सभांमध्ये बोललेही. ॲप निघालं, चालतंय म्हणतात. मी अजून उघडलेलं नाही.

अक्का हेब्बाळला गेल्यावर माझं ऑफिस जवळ असल्याने मी मधूनमधून जायचो. भाचा चांगला, त्याची बायको बोलकी आणि मायाळू. उंचावरचा फ्लॅट, बाल्कनीतून तळं दिसायचं. पण गल्लीचा गोंगाट नसल्याने अक्काला करमत नसे. ती गेली त्याच्या थोडे दिवस आधी जया माझ्याबरोबर आली होती. अक्का वेताच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, कापणारे. जयाने वाकून नमस्कार केला आणि तिला एकदम भरून आलं. तिची मुलगी आता कॉलेजात जाते, संसार सुखाचा आहे, कुणाला काही कळलं तरी आता तिला पर्वा उरली नव्हती. भाच्याच्या बायकोसमोरच ती म्हणाली, "अक्का, तू होतीस म्हणून माझं झालं. माझ्या फिट्सचं तू एवढं सांभाळलंस, कधी कुणाला..."

"कसल्या फिट्स?" अक्का म्हणाली.

जया गोंधळली. "अक्का, माझ्या. लहानपणीच्या. आई तुझ्याकडे येऊन रडली होती..."

"मला काय ठाऊक नाही बाई. कुणाचं सांगतीस?" अक्काचा चेहरा कोरा होता. "तू तर चांगली धडधाकट पोर."

भाच्याच्या बायकोने मला डोळ्यांनीच खूण केली. "हल्ली असंच होतंय, अण्णा," ती हळूच म्हणाली. "स्वल्प विसरतात." जयाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ज्या बाईने सगळ्या समाजाचं पोटात ठेवलं, तिच्याच पोटात आता काही उरलं नव्हतं, असं वाटून मी तळ्याकडे बघत बसलो. भाच्याची बायको कॉफी करायला आत गेली.

ती स्वयंपाकघरात शिरेपर्यंत अक्का तिच्या पाठीकडे बघत होती. आत भांड्यांचा आवाज झाला. मग तिने आपला कापणारा हात पुढे केला, जयाचं मनगट धरून तिला जवळ ओढलं, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "गोळ्या घेतीस न्हवं वेळेवर?"

"घेते, अक्का," जया म्हणाली.

"हं," अक्का म्हणाली आणि कॉफी यायच्या आत खुर्चीत नीट सरळ बसली.